उतरवलेलं इंजिन

चेनब्लॉक मागायला फिटर सकाळीच वेल्डरच्या दारात जाऊन उभे राहिले. वेल्डर दात घासत बाहेर आला.

"कशाला हवाय, काका?"

"इंजिन उतरवायचंय. घरीच."

कुठल्या गाडीचं, हे त्यानं विचारलं नाही. फिटरांच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली जीप सगळ्या गल्लीनं पाहिली होती, आणि पाहून न पाहिल्यासारखं करत पुढं जायचं, हेही सगळी गल्ली शिकली होती. वेल्डरनं चूळ भरली, आत जाऊन ओझी वर खेचायचा तो साखळ्यांचा जड गुंता उचलून आणला आणि फिटरांच्या हातगाडीत ठेवला.

"एक सांगू? गॅरेजला टाका ती. त्या गाडीला तुम्ही तरी हात लावू नये."

"अरे, जन्मभर पाण्याचे पंप उघडले मी," फिटर म्हणाले. "इंजिन म्हणजे पंपाचंच सख्खं भावंड. एकीकडून घ्यायचं, दुसरीकडून सोडायचं."

ते हसले. वेल्डर हसला नाही.

जीप त्यांच्या मुलीची. मुलगी जनावरांची डॉक्टर होती. जिथं डांबरी रस्ता संपायचा तिथून तिचं काम सुरू व्हायचं, म्हणून तिनं मोठ्या हौसेनं ही चारही चाकांनी ओढणारी जुनी डिझेल जीप घेतली होती. दगडधोंडे, चिखल, ओढे, तिला कशाचं काही वाटायचं नाही. घरात मुलीला माऊ म्हणायचे. गेल्या वर्षी एका अडलेल्या गाईकडे निघालेली माऊ ओढा ओलांडत असताना पाणी चढलं आणि जीप मधोमध बंद पडली. इंजिननं हवेबरोबर पाणी आत ओढलं होतं. आत अडकलेल्या माऊनंही तेच केलं. दुसऱ्या दिवशी लोकांनी दोघींना एकाच दोरानं बाहेर काढलं.

जावई मोबाइलचे टॉवर उभे करायची कंत्राटं घ्यायचा. डोंगरावरच्या त्याच्या साइटवर दुसरी गाडी चढत नव्हती. त्यानं इंजिन धुऊन-वाळवून घेतलं आणि तेराव्याची गडबड उरकताच तीच जीप वापरायला काढली. पण पाणी प्यालेलं इंजिन ते. आतला पिस्टनचा एक दांडा वाकला होता. ठोका पडायचा, पांढरा धूर निघायचा, चढावर दम लागायचा. शेवटी एका घाटात इंजिनानं मान टाकली. तेव्हा जावयाला सासऱ्यांची आठवण झाली.

जीप टोचन करून आणलेल्या दिवशी तो शेडच्या बाहेरच उभा राहिला होता. त्याची आणि माऊची मुलगी, चिंगी, टोचन करणाऱ्या गाडीत बसलेली होती आणि काच वर होती. काचेला नाक लावून ती आजीकडे, फिटरांच्या बायकोकडे बघत होती. आजीनं दोनदा पाऊल पुढं टाकलं, दोन्ही वेळा जावई सहज म्हणून मधे आला.

"भंगारबाजारातून दुसरं इंजिन पाठवतो, मामा. तुम्ही फक्त बदलून द्या. गाडी चालू झाली की पोरीला दर रविवारी इथं आणून सोडीन."

"आणि नाही झाली तर?" फिटरांनी विचारलं.

जावई किल्लीनं कान खाजवत म्हणाला, "मग रविवारी मला वेळ नसतो."

जाता जाता त्यानं आणखी एक सांगितलं. पुढच्या महिन्यात तो पुन्हा लग्न करत होता. नव्या माणसाला घरात रुळायला वेळ द्यायला हवा, तेव्हा जुन्या माणसांनी जरा जपून यावं-जावं. एवढं बोलून तो निघून गेला. आजी रस्त्यावर उभी राहून हात हलवत होती. काचेमागचा हातही हलत होता, वळण येईपर्यंत.

असं ते काम फिटरांच्या गळ्यात पडलं.

त्यांनी घाई केली नाही. बोनेट काढून भिंतीला टेकवलं. रेडिएटर उतरवला. प्रत्येक वायरीला जुन्या धोतराची चिंधी बांधून खूण केली. गिअरबॉक्सखाली लाकडी ठोकळे दिले. मग जीपखाली पाठीवर सरकून इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरचा नट सोडला आणि खाली घमेलं ओढलं.

आधी दुधाळ, पिवळट ऑइल आलं. ते तसं येणारच होतं, पाणी मिसळलं की ऑइलचं असंच होतं. घमेलं भरलं. मग ऑइल संपलं आणि पाणी यायला लागलं. नितळ, गार पाणी. दुसरं घमेलं भरलं, मग बादली भरली, मग त्यांनी न्हाणीघरातला टब आणला. एवढ्याशा चेंबरात एवढं पाणी मावायला जागाच नव्हती. आणि जावई तर हे इंजिन इतके महिने पळवत होता. फिटरांनी धारेखाली हात धरला. पत्रा तापून टकटक वाजत होता, शेडमध्ये भट्टी झाली होती, आणि ते पाणी हाडापर्यंत गार होतं.

बायको चहा घेऊन आली ती दारातच थांबली. तिनं हुंगल्यासारखं केलं.

"हा वास…"

"शेवाळाचा आहे. साचलेलं पाणी, दुसरं काय."

"तिच्या केसांचा आहे," बायको म्हणाली. "त्या दिवशी मी पुसले होते तिचे केस. तुम्ही बाहेर होतात, माणसांत."

फिटरांनी चहा घेतला. टब उचलून अंगणाच्या कडेला ओतला. जमीन तडकलेली होती, तरी ती ते पाणी प्याली नाही. संध्याकाळी बघितलं तेव्हाही डबकं तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी इंजिन वर घेतलं. चेनब्लॉकची साखळी कडकड करत एकेक कडीनं सरकत होती आणि जीपच्या पोटातून ते काळं धूड हळूहळू बाहेर येत होतं. मोकळं झाल्यावर ते साखळीवर जरासं फिरलं आणि थांबलं. फिटरांनी ते शेडच्या मागच्या कोपऱ्यात जुन्या टायरांवर टेकवलं. आत डिझेल फवारणारी त्याची चारही नोझल जावयानं नुकतीच नवी बसवली होती, ती त्यांनी दुसऱ्या इंजिनाला लावायला म्हणून काढून घेतली. आता वरच्या अंगाला चार गोल भोकं उघडी राहिली.

त्यांना आयुष्यभराची एक खोड होती. उतरवलेलं कुठलंही मशीन एकदा हातानं फिरवून बघायचं. कुठं अडतंय, कुठं सुटतंय, ते हाताला कळतं. त्यांनी पिस्टन वर-खाली करणाऱ्या क्रँकच्या टोकाला मोठा पाना लावला आणि अंगाचा भार देऊन ओढला.

पहिल्या भोकातून हवा आली. "आ…"

त्यांचा हात थांबला. मग ते स्वतःशीच हसले. वाकलेला दांडा, गळका व्हॉल्व्ह, हवा कुठून तरी शीळ घालत सुटणारच. त्यांनी पाना पुढं ओढला. दुसऱ्या भोकातून गार फुंकर त्यांच्या गालावर आली.

"…ई."

मागं काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. त्यांनी वळून बघितलं. बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता, पण डोळे असे चमकत होते, की वर्षभरात फिटरांनी ते तसे पाहिले नव्हते.

"परत फिरवा," ती म्हणाली.

"अगं, हवा आहे ती. व्हॉल्व्हमधून…"

"फिरवा म्हणते ना!"

त्यांनी फिरवलं. आणि बायको मटकन खाली बसली, इंजिनाच्या गार लोखंडाला तिनं मिठी मारली, आणि "काय गं माझ्या राणी, काय गं," असं म्हणत ती त्याच्यावरून हात फिरवत राहिली. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले.

त्या दिवसापासून घराची घडी विसकटली. जावयानं पाठवलेलं इंजिन आलं, एका टेम्पोतून काढलेलं, दिसायला मळकट पण आतून ठणठणीत. फिटर ते साफ करण्यात, त्याची क्लचप्लेट जुळवण्यात गुंतले. आणि त्यांची बायको दुपारची भांडी तशीच टाकून मागच्या कोपऱ्यात जाऊन बसायची. पाना तिला पेलत नव्हता, तर ती त्यावर दोन्ही हातांनी लोंबकळायची. क्रँक फिरायची, भोकं उसासायची, आणि ती कान लावून ऐकायची. हळूहळू हवेचे शब्द वाढले.

"गार… लागतंय…"

"अंधार… आहे…"

फिटरांनाही ते ऐकू यायचं. नाही कसं म्हणणार? हातातला पाना निसटायचा. पण एक गोष्ट त्यांच्या मनातून जात नव्हती. माऊ लहानपणापासून 'अगं आई गं' करत घरात शिरायची. नुसतं 'आई' तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. आणि हा आवाज हाक मारताना प्रत्येक वेळी तेवढंच म्हणायचा, नुकतंच शिकल्यासारखं.

एके दिवशी त्यांनी ते बोलून दाखवलं.

बायकोनं मान वळवली. "तुम्हाला काय माहीत तिचं बोलणं? तुम्ही घरी होतात कधी? पंपहाउसच्या पाळ्या करण्यात तुमचा जन्म गेला. ती मला काय म्हणायची ते मला विचारा."

"मग तूच सांग, काय म्हणायची?"

तिनं भोकाकडेचा काळा डाग बोटानं घासला. मग म्हणाली, "पाण्यात गेलेल्या माणसाला एवढा दम कुठून असणार? तेवढंच म्हणत असेल."

फिटरांना राग आला. त्या रागात त्यांनी भंगारवाल्याला निरोप धाडला, की एक जुनं इंजिन आहे, घेऊन जा. बायकोला कळलं तेव्हा ती ओरडली नाही, रडली नाही. शांतपणे म्हणाली, "आधी मला घाला त्याच्या गाडीत." भंगारवाला आला आणि हात हलवत परत गेला.

तशातच एका दुपारी, फिटर नव्या इंजिनाचे नट आवळत जीपखाली पडलेले असताना, कोपऱ्यातून तो आवाज आला. या वेळी तो स्पष्ट होता. उसासा नव्हता, बोलणं होतं.

"तिला… आण."

"कुणाला गं?" बायकोचा दबका आवाज.

साखळी कुठंतरी किणकिणली. पाना फिरला.

"माझी… आहे ना… तिला आण."

फिटर जीपखालून घाईनं बाहेर आले तेव्हा त्यांचं डोकं चेसिसला आपटलं. "नाही!" ते म्हणाले. "हे बघ, काही झालं तरी पोरगी त्या कोपऱ्यात जाता कामा नये. ऐकतेयस?"

"आई लेकराला भेटू मागते, त्यात तुमच्या पोटात का दुखावं?" बायको म्हणाली. तिनं पदरानं भोकांच्या कडा पुसल्या, मुलाचं तोंड पुसावं तशा.

नवं इंजिन बसलं. रविवारी जावई कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून आला, मधे चिंगी; दोघांना सोडून मोटरसायकलवाला परत गेला. तिचे दोन समोरचे दात पडलेले होते आणि त्या खिंडीतून तिचं बोलणं थांबत नव्हतं.

"आजोबा, जीपला नवीन पोट बसवलं? जुनं कुठाय? जुनं दुखत होतं का? माझं पण दुखतं, मग मी शाळेत नाही जात."

फिटरांनी तिला उचलून घेतलं. तिच्या केसांना तेलाचा वास होता. इतक्या दिवसांत त्यांच्या छातीवर असं ऊबदार ओझं कुणी टाकलं नव्हतं.

"उतरवा तिला, मामा, आधी गाडी बघू," जावई म्हणाला आणि जीपमध्ये चढून बसला. "मला परत जायचंय."

फिटरांनी चिंगीला ओट्यावर बसवलं. "इथून हलायचं नाही. मी हाक मारीपर्यंत. कबूल?"

"कबूल."

"हिच्याकडे लक्ष दे," ते बायकोला म्हणाले, आणि पुढं त्यांना जन्मभर वाटत राहिलं, की ते वाक्य आपल्या तोंडून निघालंच कसं.

डिझेलच्या नळीत हवा अडकली होती. ती काढण्यात थोडा वेळ गेला. मग जावयानं किल्ली फिरवली. इंजिन दोन-चार वेळा खोकलं, काळा धूर टाकला आणि एकदम लागलं. काय सुरेख लागलं! ठोका नाही, थरथर नाही. फिटर बोनेटच्या जागी वाकून ऐकत होते आणि क्षणभर त्यांना सगळ्याचा विसर पडला. हाताला अजून कसब आहे, एवढंच मनात आलं.

"रेस करतो," जावई ओरडला आणि त्यानं पाय दाबला.

पत्रे थडथडले. त्या आवाजात फिटरांनी मान वर केली, आणि नव्या इंजिनावरून, तापलेल्या हवेच्या लाटांतून, त्यांना मागचा कोपरा दिसला. त्यांची बायको उकिडवी बसली होती. पाना तिच्या हातात होता. आणि चिंगी टायरवर चढून, दोन्ही तळवे इंजिनावर टेकून, भोकावर वाकली होती. विहिरीत डोकावावं तशी.

"चिंगे!" ते ओरडले. "बंद कर! इंजिन बंद कर!"

जावयाला वाटलं, आणखी दाब म्हणतायत. त्यानं आणखी दाबलं.

फिटर धावले. ऑइलवरून पाय घसरला आणि गुडघ्यावर आपटले. तिथूनच त्यांनी पाहिलं. बायकोनं पान्यावर भार टाकला. या वेळी इंजिननं हवा सोडली नाही. आत घेतली. चिंगीच्या कपाळावरच्या बटा भोकाकडे ओढल्या गेल्या, तिच्या झग्याची कॉलर ओढली गेली, तिचं तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. बायको एका हातानं तिची मान धरून होती. प्रेमानं धरली होती की दाबून, ते फिटरांना कधीच ठरवता आलं नाही.

मग जावयानं पाय काढला आणि इंजिन बंद केलं. शेडमध्ये शांतता पसरली.

चिंगी सरळ उभी राहिली. टायरवरून सावकाश उतरली. तिच्या हनुवटीवरून पाण्याचा एक थेंब ओघळत होता. तिनं आपले हात समोर धरले, बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली, जणू नवे हातमोजे घालून बघावेत. मग तिनं आजीकडे पाहिलं.

"आई," ती म्हणाली.

बायकोनं तिला कवटाळलं. 

"गाडी मस्त ओढतेय, मामा," जावई उतरून हात झटकत म्हणाला. त्याला काही दिसलं नव्हतं, आणि दिसलं असतं तरी त्यानं विचारलं नसतं. "चल गं, बस. रविवारचं आपण पुढं बघू, मामा. लग्नाची गडबड आहे सध्या."

चिंगी काही न बोलता पुढच्या सीटवर जाऊन बसली. काच वर केली. जीप वळणावर दिसेनाशी होईपर्यंत फिटर बघत राहिले. काचेमागून हात हलला नाही.

"तू काय केलंस?" त्यांनी बायकोला विचारलं.

ती न्हाणीघरात हात धूत होती. घासून घासून. इतक्या दिवसांचं काळं निघत होतं. "काही नाही. तुम्ही एक इंजिन काढून दुसरं बसवलंत. मीही तेच केलं."

"आणि चिंगी? ती कुठाय मग?"

बायकोनं टॉवेलला हात पुसले. "मला माझी लेक मिळाली," ती म्हणाली. "तिची लेक ती बघून घेईल."

एवढं निर्दय वाक्य फिटरांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि ते बोलणारी बाई त्या संध्याकाळी वर्षभरानंतर पहिल्यांदा पोटभर जेवली.

आठवड्याच्या मधेच जावयाचा फोन आला. त्याचा नेहमीचा तोरा नव्हता. "मामा, ही जेवत नाही. घरात थांबत नाही. दिवसभर जीपमध्ये बसून असते. किल्ली काढून घेतली तर बघत राहते नुसती. आणि मला बाबा म्हणत नाही. नावानं हाक मारते, मामा. काल रात्री उशाशी येऊन उभी होती… तुमच्याकडे काही झालं होतं का?"

फिटर तोंड उघडणार, तोवर बायकोनं फोन हिसकावून घेतला. "तिच्याकडे द्या फोन. द्या म्हणते ना!" मग तिचा आवाज मऊ झाला. "हो गं. हो. ये ना, कधीही ये. मी वाट बघते. … कुणालाच नाही सांगत. ये तू."

पलीकडून काय बोललं जात होतं ते फिटरांना ऐकू आलं नाही. फोनमधून नुसता वाहत्या पाण्यासारखा आवाज येत होता.

फोन ठेवल्यावर बायकोनं पहिलं काम कुठलं केलं असेल, तर भंगारवाल्याला बोलावणं धाडलं. "ते धूड आता घेऊन जा म्हणावं. कोपरा अडलाय उगीच."

भंगारवाला रविवारी सकाळी यायचा होता. फिटर त्याच्याआधी शेडमध्ये गेले. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. कोपऱ्यात मात्र गारवा होता आणि टायरांखालची जमीन ओली होती. त्या दिवसापासून त्यांनी इंजिनाला हात लावला नव्हता. त्यांनी पाना उचलला. तीन वेळा त्यांनी तो क्रँकला लावला आणि तीन वेळा काढला. शेवटी डोळे मिटून ओढला.

"आजोबा…"

लहानसा आवाज. पडलेल्या दातांच्या खिंडीतून येणारा.

 फिटर इंजिनावर कपाळ टेकून उभे राहिले. लोखंड बर्फासारखं होतं.

"चिंगे… बाळा… मी आहे हं. भिऊ नकोस. मी तुला काढतो बाहेर. मी फिटर आहे ना… काढतो बरोबर…"

त्यांनी पाना ओढला. एका फेरीत दोनच शब्द मावत होते.

"भीती नाही…"

आणखी एक फेरी.

"…वाटत. आई…"

आणखी एक.

"…आहे इथं."

फिटरांचा हात जागच्या जागी राहिला. त्यांनी मिटलेले डोळे उघडले. काय ऐकलं ते आधी डोक्यात शिरेना. शिरलं तेव्हा त्यांच्या पाठीवरून गार पाणी ओतल्यासारखं झालं. माऊ इथं आहे. चिंगीजवळ आहे. म्हणजे त्या दिवशी जी सरळ उभी राहिली, जिनं बोटं मिटून उघडून बघितली, जी काच वर करून निघून गेली…

पाना त्यांनी फिरवलाच नव्हता. तरीही चौथ्या भोकातून हवा आली. आवाज मोठ्या बाईचा होता, दमलेला, आणि त्यांनी तो हजार आवाजांत ओळखला असता.

"बाबा… दार लावा."

गल्लीच्या तोंडाशी जीप वळल्याचा आवाज आला. स्वतःच्या हातांनी बसवलेलं इंजिन त्यांना ऐकू येत होतं, ठोका नाही, थरथर नाही. घरात बायकोनं काहीतरी पाडलं आणि ती "आली, आली गं माझी!" करत अनवाणी बाहेर धावली.

"बाबा… दार…"

फिटर दाराकडे पळाले. दाराची पत्र्याची फळी त्यांनी अर्धी ओढली आणि फटीतून बाहेर बघितलं. बायको दोन्ही हात पसरून गल्लीच्या मधोमध धावत निघाली होती. जीप समोरून येत होती, वेग कमी न करता. जावई कुठंच दिसत नव्हता. शेजारची सीट रिकामी होती. आणि स्टेअरिंगच्या वर फक्त दोन वेण्यांमधला एक पांढरा, ओला भांग दिसत होता.